येसाजीमामांचा शेवटचा निरोप

एका ओळीत माणसं गोळा करायची असतील तर मला बोलवा. खोटं नाय सांगत. वरंध घाटात एकदा माझ्या डोळ्यांदेखत यष्टी सुटली. दुसरी कोण असती तर धूळ खात उभी राहिली असती. मी मागून एकच ओळ ओरडले, "गाडीत कुणाची नथ पडलीय गो?" करकचून ब्रेक लागला! अकरा बाया एकदम उठल्या होत्या, आणि त्यातल्या चौघींची नाकं टोचलेलीसुद्धा नव्हती. त्या खाली वाकून शोधत बसल्या, तोवर मी चढून खिडकीची जागा धरली.

म्हणून आमची निशिगंधा कॉम्प्युटरपुढं डोकं धरून बसली तेव्हा मला हसूच आलं.

निशिगंधा माझी नात. पोलादपुरात आमची खानावळ हाय. आमच्या ह्यांनी, येसाजींनी, ती काढली. महाडच्या एमायडीसीतल्या बारा कंपन्यांना आमचा डबा जातो, आणि सगळ्या कंपन्या ह्यांना येसाजीमामा म्हणतात. एक जानेवारीला डब्याचा करार नवा होतो. पूर्वी हे जाऊन चहा पिऊन यायचे, झाला करार. आता म्हणे मेल पाठवायचा आणि त्यांनी एकतीस तारखेच्या आत उलटा 'हो' लिहायचा. यंदा महाडात एक नवा खानावळवाला आलाय. गोड बोलतो, डब्यासोबत कागदी रुमाल देतो. 'हो' आला नाय तर डबे त्याच्याकडं, आणि आमच्याकडं भाकऱ्या थापणाऱ्या पाच बाया घरी.

निशीनं तीन मेल धाडले होते. एकानंही उघडला नव्हता. उघडला का नाय ते म्हणे कॉम्प्युटरला कळतं. आणि तारीख उजाडली एकोणतीस.

"आजी, सगळा दोष विषयाचा," ती म्हणाली. मेलाच्या कपाळावर एक ओळ असते, तिला विषय म्हणतात. ती वाचून लोक ठरवतात, उघडायचा का टाकून द्यायचा. निशीनं काय लिहिलं होतं? 'वार्षिक भोजनसेवा कराराच्या नूतनीकरणाबाबत.' मी म्हटलं, गो बाय, हे वाचून तर मलाच जेवायची इच्छा राहिली नाय.

तिच्या क्लासच्या सरांनी नियम दिले होते. विषयात ओळखीचं नाव पायजे, वर्ष सरतंय त्याची घाई दिसली पायजे, आणि वाचून काळजाला हात लागला पायजे. हे तर मी जन्मभर पाणवठ्यावर करत आले. मी सांगितलं, तिनं लिहिलं: 'येसाजीमामांचा शेवटचा निरोप सरत्या वर्षातला, नव्या वर्षाचा डबा पक्का करा.'

बघा, आमच्याकडं निरोप म्हणजे सांगावा. भाचीला निरोप धाडतात, पोस्टमनकडं निरोप देतात. माझ्या मनात दुसरं काय नव्हतं. दहा वाजता मेल गेला. साळूबाई, आमची भाकऱ्यांची मुकादम, मेल हा शब्द तोंडात घेत नाय, घरात अभद्र नको म्हणून. ती 'कॉम्प्युटरचं पत्र' म्हणते. तिचं ऐकायला पायजे होतं.

झालं काय, फोनवर अख्खी ओळ मावत नाय. बाराच्या बारा साहेबांच्या फोनवर एवढंच उमटलं: 'येसाजीमामांचा शेवटचा निरोप…' आणि पुढं तीन टिंबं.

त्यांनी मेल उघडला नाय. सरळ ह्यांना फोन लावला. तो बंद! हे सकाळीच दाढ काढायला महाडला गेलेले, डॉक्टरनं फोन बंद करायला लावलेला. मग काय, खात्रीच झाली.

निशी टेम्पोत गॅसची टाकी आणायला गेली होती. मी ओट्यावर लसूण सोलत होते. तीन गाड्या येऊन थांबल्या. बारा कंपन्यांचीच माणसं. पुढं स्टोअरवाले दीपकभाऊ, हातात हार. मागं उज्वला मॅडम, डोळ्याला रुमाल. मी मनात म्हटलं, काय ओळ लिहिलीय मी! हार घेऊन आले की माणसं.

दीपकभाऊ खालच्या आवाजात म्हणाले, "मामी, कधी गेले?"

"सकाळी साडेसातला."

"फार त्रास झाला का?"

"काय सांगू! रात्रभर तळमळत होते. शेवटी मीच म्हटलं, जावा एकदाचे. तुम्ही सुटाल नि मी पण सुटेन."

उज्वला मॅडमनी हुंदका दिला. "कोणी सोबत नव्हतं?"

"सोबत कशाला? मी म्हटलं, माझे अजून शाबूत हायेत. माझी वेळ आली की बघू."

सगळे माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडं बघायला लागले. कोणतरी पुटपुटलं, धक्का बसलाय आजींना, बोलू दे. मला वाटलं, गावंढळ म्हातारीला हे काय मान देतायत! मी म्हटलं, उभे का, बसा, गरम भाकरी नि वालाचं बिरडं हाय. तर उज्वला मॅडम माझा हात धरून म्हणाल्या, "मामी, आज चूल पेटवायची नाही. आम्ही सगळं आणलंय."

आणि गाडीतून डबे उतरले. प्रत्येक डब्यावर कागदी रुमाल.

माझ्या हातातला लसूण खाली पडला. आमच्या ओट्यावर त्या गोड बोलणाऱ्याचा डबा? मी विचारलं, हे काय? तर दीपकभाऊ समजुतीनं सांगायला लागले, की सुतकाच्या घरातून डबा कसा मागायचा, बरं दिसत नाय, म्हणून सगळ्या कंपन्यांनी मिळून तेरा दिवसांचं त्याच्याकडं ठरवलंय. पुढचं पुढं बघू.

सुतक? मी आत बघितलं, बाहेर बघितलं. पाचही बाया पिठाच्या हातानं दारात येऊन उभ्या. साळूबाईनं एकदम गळा काढला. कोण गेलं ते तिला ठाऊक नव्हतं, पण गाड्या तीन म्हणजे माणूस मोठं असणार.

तेवढ्यात समोर यष्टी थांबली आणि हे उतरले.

आता ह्यांचं रूप ऐका. डॉक्टरनं तोंडात कापसाचा बोळा कोंबलेला. गाल सुजलेला. हनुवटीखालून डोक्यावर पांढरं फडकं बांधलेलं, वर गाठ. आपल्यात असं फडकं कुणाला बांधतात ते मी सांगायला नको. आणि बोलता येत नाय म्हणून हात वर करून नुसतं "ऊँ… ऊँ…" करत आले.

दीपकभाऊंनी हार टाकला. उज्वला मॅडम माझ्या मागं लपल्या. एक जाडे साहेब आंबेनळी घाटाच्या दिशेनं जे पळाले, ते म्हणे प्रतापगडच्या फाट्यावर थांबले. मी बघितलं नाय, पण पळण्याचा वेग बघून मला पटलं. ह्यांनी मात्र हार उचलला, झटकला आणि गळ्यात घातला. सत्काराला नाय म्हणायची ह्यांची सवय नाय.

निशी टाकी घेऊन आली ती ह्या गोंधळात. पोर हुशार. एका नजरेत तिला सगळं कळलं. माझ्याकडं तिनं असं बघितलं की मी लसूण वेचायला खाली वाकले. मग ती शांतपणे म्हणाली, "आलाच आहात तर मेल उघडा सगळ्यांनी. पूर्ण वाचा."

पळालेल्या साहेबांना गाडी धाडून परत आणलं, आणि ओट्यावर अकरा फोन निघाले. अकरा जणांनी वाचलं, अकरा तोंडं लाल झाली. समोर हे हार घालून, फडकं बांधून, एकेकाकडं टक लावून बघत उभे. नाय म्हणायची कुणाची छाती! दोन मिनिटांत अकरा 'हो' आले, आणि तेरा दिवसांचं ठरलेलं तिथल्या तिथं मोडलं. बायांचं काम टिकलं.

राहिली बारावी कंपनी, सगळ्यात मोठी, साठ डब्यांची. तिथल्या प्रियदर्शिनी मॅडम पुण्याला गेलेल्या. त्यांचा 'हो' बाकी होता.

पुढचे दोन दिवस निशीच्या कॉम्प्युटरवर नुसत्या श्रद्धांजल्या. बातमी महाडभर झाली होती ना. हे खुर्ची टाकून बसायचे, निशीला एकेक विषय मोठ्यानं वाचायला लावायचे आणि मान डोलवायचे. एकतीसच्या सकाळी 'येसाजीमामांना भावपूर्ण श्रद्धांजली' असा आणखी एक आला. निशी उघडायला गेली. मी म्हटलं, "गो, कशाला वेळ घालवतेस? आत काय असणार ते वरच लिहिलंय की."

दोन जानेवारीला प्रियदर्शिनी मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, मामांचं ऐकून फार वाईट वाटलं, म्हणून मेलात लिहिलं होतं की त्यांच्या आठवणीसाठी आमचा डबा तुमच्याकडंच राहील, साठाचे नव्वद करा, फक्त संध्याकाळपर्यंत कळवा. तुमचं उत्तर आलं नाही. मग काय करणार, त्या कागदी रुमालवाल्याला सांगितलं.

निशीनं फोन ठेवला. एकतीसच्या सकाळचा तो 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा मेल उघडला आणि कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. मी पदर सावरला, चुलीकडं वळले आणि म्हटलं, "साळूबाई, आजपासून पीठ जरा बेतानंच मळ गो."