वर्डेलकाकांच्या खुर्चीतला मतदार

गिऱ्हाइकं कॅमेऱ्याला घाबरून पळाली, म्हणून न्हावी वर्डेलकाकांनी रोलंडलाच खुर्चीत बसवलं.

रोलंड पेटिफोर्ड हा अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या एका टीव्ही वाहिनीचा साउंडवाला. अधिक महिन्यात जावयाला चढतो तसा भाव अध्यक्षपदाच्या निवडणुकीत इथल्या काळ्या वस्तीतल्या न्हाव्याला चढतो. गोऱ्यांचं मत हवं असलं की वाहिन्या खानावळीत जातात, काळ्यांचं हवं असलं की न्हाव्याकडे. मधली चार वर्षं गोरे जेवत नाहीत आणि काळ्यांचे केस वाढत नाहीत, असा त्यांचा हिशेब असावा.

"आजची तिसरी वाहिनी ही!" वर्डेलकाका करवादले. "तुझी बातमीदारीण कुठं गेली?"

"कॉफी आणायला. खुर्ची रिकामी दिसली तर बोंब मारेल."

"मग गप बसून राहा. दाढी करतो. आरशात बघितलंयस का कधी? अस्वल बरं!"

टोपी आणि हेडफोन बाजूला ठेवून रोलंडने मान मागे टाकली. तोंडभर फेस झाला, आणि दार ढकलून स्पर्धक वाहिनीची बातमीदारीण ब्रुक कॅमेऱ्यासकट आत घुसली.

"सर, एक कृष्णवर्णीय पुरुष म्हणून तुम्ही कोणाला मत देणार?"

वाहिनीच्या नोकराने राजकीय मत उघड बोलायचं नाही, बोलला तर घरी. बायकोचे दिवस भरत आलेले, आणि या देशात दवाखान्याचा विमा नोकरीच्या शेपटाला बांधलेला.

"अजून काही ठरवलं नाही," तो फेसातून म्हणाला.

ब्रुकला घबाड सापडलं. तासाभरात पडद्यावर अक्षरं धावू लागली : 'कृष्णवर्णीय पुरुष डळमळले!' एका प्राध्यापकाला त्या फेसामागे पिढ्यांची वेदना दिसली. दोन्ही पक्षांचे प्रवक्ते एकमेकांवर भुंकले. चेहऱ्याखाली नाव नव्हतंच. नुसतं 'कृष्णवर्णीय मतदार, मिलवॉकी'. नाव विचारायचं ब्रुकला सुचलं नव्हतं.

आता नारळ मिळणार, या तयारीने रोलंड कचेरीत गेला. वाहिनीचे प्रमुख हॅलोरनसाहेब पडद्यासमोर हात चोळत उभे होते.

"साहेब, तो खुर्चीतला माणूस..."

"तोच! संध्याकाळच्या चर्चेत मला तो हवा. तू त्यांच्यातलाच, तुला सापडेल. नाही सापडला तर तूही तोंड दाखवू नकोस."

नऊ वर्षांत साहेबांनी रोलंडच्या डोक्यावरचे हेडफोन तेवढे पाहिले होते. खरं सांगितलं तर नोकरी जाते, माणूस नाही आणला तर नोकरी जाते. उरला एकच मार्ग. रोलंडने वर्डेलकाकांचा चर्चला जायचा कोट मागून आणला.

"खांद्यात घट्ट होतोय," तो म्हणाला.

"श्वास घेऊ नकोस," काका म्हणाले. "नाहीतरी तिथं तुला कोण बोलू देतंय?"

स्टुडिओत साहेबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "या, या! तुमच्यासारख्यांचा आवाज आम्हांला ऐकायचाय." नऊ वर्षांत त्यांनी रोलंडला 'तुम्ही' पहिल्यांदाच म्हटलं.

माइक लावायला मात्र कोणी येईना. सवयीने रोलंडनेच तो कोटाला अडकवला, वायर आत खोचली, कानात इअरफोनचं बोंड घातलं. "अरे वा, जमतं की तुम्हांला!" निवेदक कौतुकाने म्हणाला.

तेवढ्यात कंट्रोल रूममध्ये जाऊन बसलेल्या साहेबांचा आवाज कानात फुटला. "साउंडवाला कुठं उलथलाय? ऐन वेळी गायब! उद्यापासून घरी बसवा त्याला!"

दिवे लागले. निवेदकाने गंभीर चेहरा करून विचारलं, "आज कृष्णवर्णीय मतदाराच्या मनात सर्वांत मोठी चिंता कोणती?"

रोलंडने कानातलं बोंड चाचपलं.

"नोकरीची."

चर्चेला बोलावलेल्या त्याच प्राध्यापकाने चष्मा पुसला. कानात साहेबांना गहिवरून आलं होतं.

"काय सच्चा माणूस आहे! अरे, असा एक तरी माणूस आपल्या पगारावर हवा होता!"