विषय : कारखानीसांचे पिवळे पिस्तूल

प्रति, मराठी मंडळाची सन्माननीय कार्यकारिणी. तसेच ज्यांना श्री. कारखानीस ठाऊक नाहीत, असे सर्व वाचक.

अर्जदार : भगवान रामचंद्र तुपे, मूळचा कराडचा, हल्ली परदेशात, मुक्काम ॲडम्सटाउन, व्यवसाय अर्जलेखन.
ज्यांच्याबद्दल अर्ज : श्री. अविनाश कारखानीस, निवृत्त संगणक अभियंता, राहणार तेथेच.
घटना : गेल्या दसऱ्याचा कार्यक्रम, मंडळाने भाड्याने घेतलेला हॉल.
साक्षीदार : एक, सौ. सुलभा कारखानीस. दोन, हॉलचे रखवालदार नोएल. तीन, एक तरुण गार्ड, म्हणजे इथले पोलीस. त्यांचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांनी कामावर असताना आपल्याकडचा चिवडा खाल्ला.

सर्वप्रथम नमूद करतो की, श्री. कारखानीस हे गुन्हा करण्याआधीच कबुली देणारे गृहस्थ आहेत. गुन्हा ते नंतरही करत नाहीत, तो भाग वेगळा. ब्लँचर्डस्टाउनच्या मोठ्या दुकानातून त्यांनी एकदा भाजी चिरायची सुरी घेतली. बसमध्ये सुरी बाळगणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने कोण, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी सुरीला बिल गुंडाळले, बिलाला रबर लावले आणि बसमध्ये पाय ठेवताच ड्रायव्हरला सांगितले, "माझ्याजवळ सुरी आहे. कांद्यासाठी." मी सोबत होतो. आम्ही दोघे चालत घरी आलो.

त्यांच्या तोंडी कायम असणारे शब्द दोनच : "आधी व्याख्या!" चहा थोडा घेता का, असे विचारले तरी "थोडा म्हणजे? आधी व्याख्या!" नोकरीत त्यांचे काम इतरांच्या चुका शोधण्याचे होते आणि त्यात त्यांची ख्याती होती. स्वतःची चूक त्यांनी मान्य केल्याचे मात्र कोणाच्याही स्मरणात नाही. मेनूथला उतरायचे असताना गाडीत डोळा लागून ते एकदा थेट शेवटच्या स्थानकावर, स्लायगोला पोहोचले, तेव्हाही गाडी मेनूथला पुरेशी ठळकपणे थांबली नाही, अशी तक्रार त्यांनी केली. ती मीच लिहिली होती.

येथे माझ्या ऋणाचा उल्लेख आवश्यक आहे. माझी मंडळी इथल्या रुग्णालयात परिचारिका म्हणून आली, तिच्यामागून मी आलो. कराडच्या कचेरीबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या, आठवी पास माणसाला या देशात कोण विचारतो? इथे सगळे अर्ज फोनवर बोट ठेवून होतात. अशा वेळी कारखानीस दार वाजवून म्हणाले, "तुपेभाऊ, इंग्रजी मी बघतो. पण मुद्दा आधी मराठीत पक्का झाला पाहिजे आणि तो तुम्हीच पक्का कराल." त्या दिवसापासून मी पुन्हा कामाचा माणूस झालो. हे उपकार मी विसरलेलो नाही.

आता मुख्य मुद्दा. सुलभावहिनी कोल्हापूरच्या. कॉलेजात असताना एन.सी.सी.मध्ये त्यांनी नेमबाजीचे पदक मिळवले. ते आजही त्यांच्या बैठकीत टांगलेले आहे. ज्या उजव्या हाताने ते मिळवले, तोच हात पक्षाघाताने लुळा पडला. दाबण्यासाठी दवाखान्यातून रबरी चेंडू मिळाला होता. वहिनींनी तो सोफ्याखाली भिरकावला. "मी काय तान्हं बाळ आहे?" त्यानंतर त्या खिडकीशी बसून राहू लागल्या आणि उजवा हात शालीखाली ठेवू लागल्या. हात असाच पडून राहिला तर कायमचा जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

तेव्हा कारखानीसांनी जाहीर केले की, चेंडू नको तर नको, आपण हिच्यासाठी पिस्तूल बनवू. दिसायला रायफलीसारखे लांब, म्हणजे डाव्या हाताचा आधार पुढे घेता येईल. आणि मागे पट्टा, जो कोपराखाली बांधला की मनगटावर भार येणार नाही. पण कारखानीस पहिल्यांदा कुठे गेले, तर गार्डांच्या ठाण्यावर. मी सोबत होतो.

"मला एक वस्तू बनवायची आहे," खिडकीशी उभे राहून ते म्हणाले. "खांद्याला टेकत नाही, हाताला बांधली जाते. ती पिस्तूल की रायफल?"

तरुण गार्डने पेन खाली ठेवले. "बनवलीय?"

"नाही."

"मग आत्ता कुठे आहे?"

"माझ्या डोक्यात."

"डोक्यात आहे तोवर यू आर ग्रँड." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत सगळे ठीक.

"ग्रँड हा शब्द कोणत्या कलमात आहे?" कारखानीसांनी विचारले आणि खांदा की मनगट या वादावर इंटरनेटवर वाचलेले सगळे सांगू लागले.

"ते अमेरिकेतलं, सर," गार्ड शांतपणे म्हणाले. "इथे आधी ती बंदूक ठरते का, ते बघतात." मग त्यांनी नीट समजावले : छऱ्याचा जोर एक ज्यूलच्या वर गेला की ती बंदूक, मग ती हवेवर का चालेना, तिला परवाना लागतो. तशी वस्तू घरी बनवायची तर परवानगी आणखी वेगळी, आणि ती तुम्हाला मिळायची नाही. आणि जोर कितीही कमी असला तरी खऱ्यासारखी दिसणारी वस्तू कारणाशिवाय रस्त्यावर घेऊन फिरायचे नाही.

कारखानीस बाहेर आले ते लग्न ठरल्यासारखे. "तुपेभाऊ, इतका स्पष्ट बोलणारा माणूस मला उभ्या नोकरीत भेटला नाही!"

ज्यूल म्हणजे काय, हे मला कळेना. घरी गेल्यावर त्यांनी फरशीवर एक लहानसे सफरचंद ठेवले. "हे उचलून टेबलावर ठेवा." मी ठेवले. "एवढाच जोर. याच्यापुढे कायदा सुरू होतो."

वहिनी खुर्चीतून म्हणाल्या, "म्हणजे माझा हात कायद्यात बसला की! त्याला तर तेवढंही उचलत नाही."

कारखानीसांनी ते सफरचंद उचलले आणि उभ्याउभ्याच बियांसकट खाऊन टाकले.

यथावकाश वस्तू तयार झाली. खेळण्याच्या दुकानातून प्लास्टिकचे मणी उडवणारे साधे यंत्र आणले. त्याच्या स्प्रिंगला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. कारण जोर वाढला की आपण कायद्याबाहेर. त्याभोवती मोडक्या पलंगाच्या पट्ट्यांचे लांब अंग बसवले. ते पुढून जड होऊन नाक खाली घालू लागले, म्हणून तोल साधायला मागे वहिनींच्या खलबत्त्यातला पितळी बत्ता बसवला. तेव्हापासून त्या घरी वेलची दातांनी फोडतात. खऱ्यासारखे दिसू नये म्हणून सगळे पिवळेधमक रंगवले. नोएलने पाहिले तेव्हा विचारले, "हे केळं कुठे नेताय?"

पट्टा मात्र रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा आहे. तो हवा भरून घट्ट करावा लागतो आणि हवा भरायचा रबरी फुगा वहिनींनी उजव्या हातानेच दाबायचा, असा कारखानीसांचा दंडक. सोफ्याखाली गेलेला चेंडू आणि हा फुगा यांचे माप एकच आहे, हे मी पाहिले आहे.

घर लहान आणि बाहेरची हिरवळ सार्वजनिक. म्हणून नोएलच्या संमतीने, हॉलच्या मागच्या बंद बोळात दर रविवारी सराव सुरू झाला. टोकाला बिस्किटांचा रिकामा डबा. वस्तूची ने-आण बाजाच्या पेटीच्या खोक्यात, कुलूप लावून. त्यामुळे वाटेत भेटणारे लोक भजन कधी ठेवताय, असे विचारत.

मग दसरा आला. डॉक्टर मंडळींनी पाटावर स्टेथोस्कोप ठेवले, बाकीच्यांनी लॅपटॉप. वहिनींनी स्वतःच्या हाताने, म्हणजे दोन्ही हातांनी, आपले पिस्तूल ठेवले. त्यावर इतकी झेंडूची फुले पडली की पिवळ्या रंगात पिवळे मिसळले आणि फोटोत फक्त नळी दिसू लागली. तो फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला. तिथून तो ठाण्यावर पोहोचला, हे सर्वांना ठाऊक आहे. आरती संपता संपता गार्ड दारात उभे होते, खिडकीतले तेच.

"तुमच्या डोक्यातला योक तो हाच का?" त्यांनी विचारले. योक म्हणजे इथल्या बोलीत कसलीही वस्तू.

"अखेर कुणीतरी विचारलं!" कारखानीस उद्गारले आणि स्प्रिंगपासून बत्त्यापर्यंत सर्व काही दाखवू लागले. गार्डनी पिस्तूल हातात घेऊन फिरवले, फुले अदबीने परत पाटावर ठेवली आणि वहिनींना विचारले, "काही लागतंय का याने?"

"नॉट येट," वहिनी म्हणाल्या.

"ग्रँड," गार्ड म्हणाले आणि चिवड्याची बशी घेतली. त्या दिवशी कारखानीसांनी त्या शब्दाची व्याख्या मागितली नाही.

गार्ड गेले, पण आपले कार्यवाह श्री. निखिल यांचे समाधान झाले नाही. "काका, इट्स अ बॅड लुक. हॉलमध्ये लहान मुलं असतात. उद्या शाळेत कोणी म्हणालं, तुम्ही लोक बंदुकीची पूजा करता, तर?" त्यांची काळजी चुकीची आहे, असे माझे म्हणणे नाही. शस्त्र अथवा शस्त्रसदृश वस्तू हॉलच्या आवारात आणण्यास मनाई, असा ठराव पुढच्या सभेत येत आहे. एरवी कारखानीसांनी 'सदृश' या एका शब्दावर सभा रात्रीपर्यंत नेली असती. ते नुसते "बरं" म्हणाले आणि पेटीचे खोके उचलून निघाले. त्यामुळेच हा अर्ज मला करावा लागत आहे.

यापुढील मजकूर सभेत मोठ्याने वाचू नये.

वहिनींचा एकही मणी आजवर डब्याला लागलेला नाही. दर वेळी कारखानीस पुढे होऊन म्हणतात, "चूक माझी. माशी तिरकी बसली आहे." नळीच्या टोकाच्या त्या नेम धरायच्या खुणेला मग कानस लागते. पुढच्या रविवारी पुन्हा, "चूक माझीच. माप चुकलं." मला नवल वाटले. एका रविवारी वहिनी नोएलकडे चहाला गेल्या असताना मी ते पिस्तूल उचलले आणि सहज चाप ओढला. डबा पडला. पुन्हा उभा केला, पुन्हा पडला. माशी सुतात सरळ होती.

कारखानीस डबा उचलायला वाकले होते. वर न पाहता म्हणाले, "तुपेभाऊ, तुम्ही काहीही पाहिलेलं नाही." आणि त्यांनी कानस घेऊन ती हवेतच घासायला सुरुवात केली, कारण वहिनींची पावले वाजली होती.

मला राहवले नाही. परतताना कारखानीस पुढे गेलेले पाहून मी वहिनींना म्हटले, "साहेबांच्या हातून अलीकडे फार चुका होतात."

वहिनी हसल्या. "तुपेभावजी, मी नेमबाज होते. माशी तिरकी का हात तिरका, मला कळंना होय? पण लग्न झाल्यापासून या माणसाच्या तोंडून 'चूक माझी' कधी ऐकलं नव्हतं. ते ऐकायला म्हणून मी दर रविवारी चपला घालते."

सबब कार्यकारिणीस विनंती की, ठरावातून त्या बोळाला आणि त्या पिवळ्या वस्तूला वगळावे. पाटावर ती पुन्हा ठेवली जाणार नाही, मुले हॉलमध्ये असताना खोके उघडले जाणार नाही, याची हमी मी माझ्या सहीने देतो. रविवार बंद झाला तर हात पुन्हा शालीखाली जाईल. मग तो बाहेर काढायला दुसरा उपाय त्या घरात शिल्लक नाही.

या अर्जावरील उत्तर, होकार असो वा नकार, कृपया सौ. सुलभा कारखानीस यांच्या हाती द्यावे. ते घेण्यासाठी त्या उजवा हात पुढे करतील. त्याला थोडा वेळ लागतो. देणाऱ्याने तेवढा वेळ थांबावे आणि कागद टेबलावर ठेवू नये.

आपला नम्र,
भगवान रामचंद्र तुपे