चादर म्हणेल ते

अध्यक्षांच्या हातातला चहा गावाच्या भविष्यावर सांडला, तेव्हा सगळ्यात आधी दवाखाना बुडाला. मग चहा रस्त्याने वाहत वाचनालयात शिरला आणि बसथांब्यापाशी येऊन थबकला.

"अहो, पुसा, पुसा!" मास्तर ओरडले.

"भविष्य पुसायचं नसतं मास्तर, धुवायचं असतं," अध्यक्ष म्हणाले. स्वतःच्या चुकीतूनही एखादं वाक्य काढून घ्यायची त्यांना जुनी सवय होती. ते दुकानदार होते. काही वाया घालवत नसत.

गावाचं भविष्य म्हणजे एक पांढरी डबल चादर. योजना कार्यालयाने यंदा कळवलं होतं की गावाचा विकास गावानेच आखावा. कुठे काय हवं ते सगळ्यांनी मिळून ठरवावं, जागेवर चुन्याने रेघा माराव्यात. कार्यालयातल्या बाई येऊन बघतील आणि लोकांचं एकमत दिसलं तर तिथल्या तिथे मंजुरी देतील. पहिल्या सभेला मास्तरांनी कागदावर नकाशा काढला. निम्मं गाव म्हणालं, आम्हाला कागद समजत नाही. उरलेलं निम्मं म्हणालं, आम्हाला समजतो, म्हणूनच विश्वास नाही. तेव्हा शिंपीणकाकूंनी तोड काढली, की गाव चादरीवर शिवायचं. म्हणजे दिसेलही, हाताला लागेलही, आणि कुणी गुपचूप खोडणार नाही.

चादरीच्या मधोमध लांबच लांब करडी नाडी, तो रस्ता. नाडीच्या मध्यावर निळा गोल, ती पाण्याची टाकी. टाकीच्या एका अंगाला वरची आळी, दुसऱ्या अंगाला खालची. हिरवा तुकडा मैदान, पिवळा वाचनालय, गुलाबी दवाखाना. कोटाचं मोठं लाल बटण म्हणजे बसथांबा, आणि काळा चौकोन म्हणजे खतखड्डा. साऱ्या गावाचा ओला कचरा त्यात कुजायचा होता. घरं तेवढी शिवली नव्हती. सुरुवात केली होती, पण "त्याच्या घराला मखमल आणि माझ्या घराला मांजरपाट का?" यावरून अशी जुंपली, की काकूंनी सगळी घरं उसवून टाकली.

आता हे सगळं लोकांनी मिळून ठरवलं, यात खोटं काही नाही. फक्त लोक ठरवत असताना अध्यक्ष सारखे मध्ये बोलत होते. त्यामुळे मैदान, वाचनालय, दवाखाना आणि लाल बटण ही मंडळी एकेक करून वरच्या आळीत येऊन बसली, आणि काळा चौकोन खाली गेला. वरच्या आळीत अध्यक्षांचं किराणा दुकान होतं, आणि त्याच्या मागेच घर. फाट्यावर नवी मोठी दुकानं झाल्यापासून त्यांच्या गिऱ्हाइकांत एक तोंडओळखीचं उरलं होतं आणि एक उधारीचं. बस दुकानासमोर थांबली तर दुकान जगणार, नाहीतर बरण्या पुसत म्हातारपण काढायचं, हा हिशेब त्यांनी मनात कधीच मांडून ठेवला होता. हिशेब खरा होता. फक्त तो त्यांनी सभेत वाचून दाखवला नव्हता.

लोहार खालच्या आळीतला. तो काळ्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाला होता, "अध्यक्ष, हा आमच्या दारात?"

"दारात नाही रे, सेवेत! अरे, नीट झाकलेल्या खताला वास नसतो. असलाच तर सुगंध असतो. ओल्या मातीसारखा."

"मग तुमच्याकडे घ्या की सुगंध."

"मला मोह होतो रे," अध्यक्ष छातीवर हात ठेवून म्हणाले, "पण अध्यक्षाने चांगल्या गोष्टी आपल्या दारात ओढू नयेत."

तेवढ्यात अध्यक्षांच्या पत्नी मागून म्हणाल्या, "अहो, थांब्यावरच्या माणसांना बसायला सावली कुठे ठेवलीय? ती सगळी आपल्या ओट्यावर..."

"तू नको मध्ये पडूस. योजनेतलं तुला काय कळतंय?" अध्यक्ष म्हणाले आणि सभेकडे वळले. "तर मंडळी, आजपासून एकच नियम. चादर म्हणेल ते! माणसं फिरतात, चादर फिरत नाही. एकदा चुना पडला की कुणी कुरकुर करायची नाही. मीसुद्धा."

टाळ्या पडल्या. 'मीसुद्धा'ला जरा जास्तच पडल्या.

आणि शेवटच्या सभेत तो चहा सांडला.

चादर अध्यक्षांच्या घरी गेली. त्यांच्या पत्नीने, म्हणजे साऱ्या गावाच्या वहिनींनी, ती साबणाच्या पाण्यात भिजवली, हलक्या हाताने चोळली, बटणाला धक्का न लावता पिळली आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष इस्त्रीचा सदरा घालून स्कूटरवरून बाईंना आणायला फाट्यावर गेले. जाता जाता मास्तरांना सांगून गेले, "मी येईपर्यंत आखून ठेवा. बाईंना तयार गाव दिसलं पाहिजे. आणि डोकं चालवू नका, चादर बघा."

मास्तर आणि लोहार चुन्याची घमेली घेऊन अध्यक्षांच्या अंगणात आले. चादर दोरीवरून उतरवली, टाकीपाशी नेऊन रस्त्यात अंथरली. मग दोघेही तिच्याकडे बघत राहिले. नाडी रस्त्यावर बरोबर बसत होती, निळा गोल टाकीपाशी बरोबर येत होता. पण चादर फिरवली तरी नाडी रस्त्यावरच बसत होती आणि गोल टाकीपाशीच येत होता.

"मास्तर, वर कुठली बाजू?"

"सभेत भिंतीवर लावलेली होती तेव्हा मी बाजूला बसत होतो," मास्तर म्हणाले. "मला ती नेहमी तिरकीच दिसली."

वहिनी हाकेच्या अंतरावर आपल्या दारात तांदूळ निवडत होत्या. मास्तरांनी हाक मारली, "वहिनी, चादरीची वरची बाजू कुठली हो?"

वहिनींनी मान वर केली. चादरीकडे पाहिलं. मग सुपाकडे पाहिलं.

"मला काय विचारता भाऊजी? योजनेतलं मला काय कळतंय?"

तेवढ्यात शिंपीणकाकू तिथून चालल्या होत्या. त्या खालच्या आळीतल्या. त्यांनी चादर पाहिली, पायांचा वेग कमी केला, वहिनींकडे पाहिलं, आणि "घरी दूध उतू जातंय" असं कुणीही न विचारता सांगून झपाझप निघून गेल्या.

"आहे तशीच राहू दे," लोहार म्हणाला. त्याला एव्हाना लाल बटण कुठल्या टोकाला आलंय ते दिसलं होतं. "चादर फिरत नसते, असं अध्यक्षच म्हणालेत."

स्कूटर गावात शिरली ती खालच्या बाजूने. मागच्या सीटवरून बाई म्हणाल्या, "वा! छान आखलंय. हे मैदान का?"

अध्यक्ष हसत हसत "हो" म्हणणार तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की मैदान इथे असण्याचं काही कारण नाही. पुढे दवाखाना लागला, मग वाचनालय. त्याच्या चुन्याच्या दारातून दोन म्हाताऱ्या वाकून आत जात होत्या. वरची चौकट अजून बांधायची होती तरी. आणि वाचनालयाच्या पलीकडे चुन्याच्या गोलात शिंपीणकाकू पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"काकू, इथे काय करताय?" अध्यक्षांनी ब्रेक दाबत विचारलं.

"बसची वाट बघतेय."

"बस अजून मंजूर नाही झाली!"

"म्हणूनच लवकर आलेय. जागा मिळायला नको?"

अध्यक्षांनी स्कूटर अशी पळवली की बाईंनी त्यांचा इस्त्रीचा सदरा मुठीत धरला. टाकी गेली, वरची आळी आली, दुकान आलं. दुकानासमोर, पायरीपासून जेमतेम टांगेच्या अंतरावर, एक भलामोठा चौकोन आखलेला होता. चुन्याने, ठसठशीत. लोहाराने कोपरे तर इतके काटकोनात काढले होते, की त्याचा एरवी कामात हात कसा आखडता असतो हे कुणाला खरं वाटलं नसतं.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"खतखड्डा," लोहार नम्रपणे म्हणाला. सगळं गाव मागे गोळा झालं होतं.

"थोडी चूक झालेली दिसतेय," अध्यक्ष म्हणाले. "हा खड्डा..."

"सुगंध असतो म्हणे," लोहार म्हणाला.

"ओल्या मातीसारखा," काकूंनी भर घातली. त्या बस सोडून आल्या होत्या.

"पण इथे माझं किराणा दुकान..."

"दारात नाही हो, सेवेत," मागून कुणीतरी म्हणालं.

आपलीच वाक्यं अशी एकेक करून, उधारी फेडायला आल्यासारखी, दारात येऊन उभी राहतील असं अध्यक्षांना कधी वाटलं नव्हतं. उधारी मागायला माणूस सरसावतो. परत मिळू लागली की कशी नको होते, हे त्यांना आज कळलं.

"चादर आणा!" ते गरजले.

चादर आली. अध्यक्षांनी ती रस्त्यात पसरली, दोन्ही टोकं धरून गर्रकन फिरवली आणि विजयी मुद्रेने उभे राहिले. "बघा! ही खरी बाजू! तुम्ही उलटी धरली होती!"

बाई वाकल्या. "अच्छा. पण हीच बाजू खरी, हे कशावरून?"

"कशावरून म्हणजे..." अध्यक्षांनी तोंड उघडलं.

कशावरून? कारण बसथांबा माझ्या दुकानासमोर यायचा होता. कारण खड्डा लोहाराच्या दारात जायचा होता. कारण हे मी महिनाभर खपून लोकांकडून ठरवून घेतलं होतं. चादरीची बाजू सिद्ध करायची एकच खूण होती, आणि ती त्यांच्या पोटात होती.

"मास्तर, तुम्ही सांगा," त्यांनी काडीचा आधार शोधला.

"मला तिरकीच दिसली," मास्तर म्हणाले.

"अहो, तू तरी सांग!" घाबरगुंडीत अध्यक्षांनी पत्नीला एकदमच दोन्ही प्रकारे हाक मारली.

वहिनी दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. "तुम्ही म्हणालात, मध्ये पडू नकोस," त्या शांतपणे म्हणाल्या.

बाईंनी गावाकडे वळून विचारलं, "चुन्याने आखलंय ते कुणाकुणाला मान्य आहे?" खालची आळी दोन्ही हात वर करून उभी राहिली. वरच्या आळीतल्यांनी थोडा विचार केला. बस आपल्याकडे थांबली असती तर अध्यक्षांचं भाषण रोज ऐकावं लागलं असतं. त्यांनीही एकेक हात वर केला.

बाई अध्यक्षांकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मी इतकी गावं पाहिली. प्रत्येक अध्यक्ष खड्डा दुसऱ्याच्या दारात ढकलतो. स्वतःच्या दारात घेणारा माणूस पहिल्यांदा बघतेय."

अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा होता. एका पारड्यात दुकान होतं, दुसऱ्यात हे वाक्य. पारडं वर झालं, खाली झालं, आणि हळूहळू त्यांची छाती सदऱ्याच्या गुंड्यांपर्यंत भरून आली.

"बाई," ते म्हणाले, "कुणीतरी सुरुवात करायलाच हवी होती."

टाळ्या पडल्या. लोहाराने सगळ्यात जोरात वाजवल्या. मंजुरी झाली.

संध्याकाळी घरी वहिनी चादरीची घडी घालत होत्या. अध्यक्ष कॉटवर पडून आढ्याकडे बघत होते.

"एक सांग. तुला खरंच माहीत नव्हतं?"

"चादरीच्या काठाची रुंद पट्टी उशाकडे, म्हणजे वर असते," वहिनी म्हणाल्या. "इतकी वर्षं संसार झाला. एकदा तरी स्वतःचं अंथरूण घातलं असतंत, तर आज बस दारात असती."

अध्यक्ष उठून बसले. "मग बोलली का नाहीस? दुकान चाललं असतं की!"

"दुकान चाललं असतं. आणि तुम्ही थांब्यावर गप्पा मारत उभे राहिला असतात. गल्ल्यावर कोण बसलं असतं? पाणी कुणी पाजलं असतं येणाऱ्या-जाणाऱ्याला?" त्यांनी घडी कपाटात ठेवली. "खालच्या आळीत काकूंची पुढची खोली रिकामी आहे. थांब्यासमोरच. मी विचारून ठेवलंय. दुकान तिकडे न्या, सकाळी डबा देते, संध्याकाळी या."

अध्यक्ष पुन्हा कॉटवर आडवे झाले आणि म्हणाले, "हे मीही सुचवणारच होतो."

बस सुरू झाली. दुकान थांब्यासमोर चालू लागलं, आणि घरात दिवसभर इतकी शांतता नांदू लागली, की वहिनींनी दुपारची झोप नव्याने शिकून घेतली. वरच्या आळीत खड्डाही झाला, नीट झाकणाचा. अध्यक्ष रोज सकाळी दुकानाला निघताना त्याच्याजवळ थांबत, नाक पुढे करत, दीर्घ श्वास घेत. काहीसुद्धा नाही. जरासा ओल्या मातीचा वास, तोही वाकून घेतला तर.

"बघा, मी म्हटलं होतं ना, वास येत नाही!" ते भेटेल त्याला सांगू लागले. सबंध योजनेत त्यांनी सांगितलेली ही एकच गोष्ट खरी निघाली होती, आणि नेमकी तीच कुणाला पटेना. लोक त्यांच्याशी बोलताना अजूनही नाकाला रुमाल लावतात.