निळ्या बिल्ल्याचा राग

माणसाच्या मनाचा थांग लागत नाही, हे पूर्वापार मान्य आहे. म्हणूनच एका कचेरीने तो कार्यालयीन वेळेत लावून घेतला. बाहेरून एक मानसतज्ज्ञ आले आणि जेवणाच्या सुट्टीपूर्वी सर्वांचे स्वभाव निश्चित करून गेले. (सुट्टीनंतर ते बदलू नयेत, अशी विनंती करण्यात आली.)

निळा बिल्ला: शांत.
लाल: तापट.
पिवळा: हसरा.
साहेबांना बिल्ला नाही. साहेबांना स्वभाव नसतो, मूड असतो.

स्टोअरकीपरला निळा मिळाला, कारण प्रश्न चालू असताना त्याला डुलकी लागली होती. टायपिस्ट ताईंना लाल. त्या दिवशी त्यांची दाढ ठणकत होती. एरवी त्या झुरळालाही वाट देत.

फायदे लगेच दिसले. भांडणं ऐंशी टक्क्यांनी घटली. (उरलेली पिवळ्यांनी हसत हसत केली.)

मग साहेबांचा मेहुणा कामावर लागला आणि त्याला स्टोअरकीपरची खिडकीजवळची जागा आवडली. स्टोअरकीपरला तळघर मिळालं. तिथे भिंतींना ओल, आणि ह्याला दमा.

"साहेब, मी खाली नाही बसणार. जीव जाईल माझा."

साहेबांनी त्याच्या बिल्ल्याकडे मायेने पाहिलं. "निळ्याने विरोध करू नये, मनावर ताण येतो. रागवायचंच असेल तर लाल माणसामार्फत या."

(इथे घरचा एक प्रसंग होता. त्यात बायको म्हणते, "घरी बरं तोंड सुटतं तुमचं." निळ्या बिल्ल्याशी विसंगत असल्याने तो वगळला आहे.)

"ताई, माझ्या वतीने जरा रागवता का?"

"अहो भाऊ, ती दाढ काढून टाकली की मी."

"आठवून बघा ना."

ताईंनी गालावर हात ठेवून आठवलं, आणि आत गेल्या. "साहेब, तुमची हरकत नसेल तर मी फार संतापले आहे."

साहेब खूश झाले. राग रीतसर व्यक्त झाला, त्याचा निचरा झाला. सबब तक्रार मिटली. खुर्ची खाली हलवायला हरकत उरली नाही.

तेव्हा स्टोअरकीपरने साहेबांच्या टेबलावर मूठ आपटली. काच तडकली. तो घसा फाटेस्तोवर ओरडला. मानसतज्ज्ञांना फोन लावला गेला. त्यांनी खुलासा केला, की मूठ निळ्याची असल्याने ह्याला अपघात म्हणावं.

"किती शांतपणे ओरडला बिचारा," पिवळे म्हणाले.

आता तळघरातून त्याचा खोकला वर ऐकू येतो. तो अतिशय संयमी आहे, असं सर्वांचं मत आहे.

वाचता वाचता तुम्हीही आपली बायको किंवा नवरा, शेजारी, धाकटी जाऊ, सगळ्यांना एकेक रंग देऊन मोकळे झाला असाल. स्वतःला तेवढा द्यायचा राहिला असेल.

काही हरकत नाही. साहेबांनाही नव्हता.