दमूकाकांचे मूग

दमूकाकांच्या ओटीवर बारा वाट्यांत मूग रुजत घातलेले असतात आणि त्यातल्या एकाही वाटीची कधी उसळ होत नाही. एका वाटीला साधं पाणी, बाकीच्यांना निरनिराळे काढे: भाताच्या पेंढ्याचा, चिकूच्या पाल्याचा, वालाच्या वाळक्या वेलांचा. कुठल्या काढ्यावर मोड लांब येतो आणि कुठल्यावर आखडतो, हे ते फुटपट्टीने मोजतात. फुटपट्टी माझी आहे. एका दिवसासाठी मागून नेली होती.

रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये सगळी नोकरी काढून काका आशागडला आपल्या चिकूच्या वाडीत येऊन राहिले. मी शेजारी. डहाणूला शाळेत विज्ञान शिकवतो आणि अंगणातली एक तुळस एवढीच माझी शेती. काकांच्या मते शेतातला कचरा म्हणजे माणसांसारखा, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. तलासरीला एका लग्नात त्यांनी आचाऱ्याकडून शेंगांच्या टरफलांचं पोतं मागून घेतलं आणि ते मांडीवर ठेवून रिक्षाने घरी आले. जेवायचं राहिलंच. "टरफलं गरीब असतात, सर. कोणाच्या वाटेला जात नाहीत," ते मला म्हणाले. "नवा पेंढा मात्र तापट."

यंदा भातकापणी झाल्यावर त्यांनी नवंच सुरू केलं. रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला हाक यायची, "सर, जरा कुंपणापाशी या." तिथे मला उभं करून ते खणखणीत आवाजात मिरचीवर व्याख्यान द्यायचे.

"मी काय बोलतो, सर, नवा पेंढा मिरचीच्या बुंध्याशी घालायचा नाय. पाणी दिलं की त्याचा अर्क मुळांना लागतो, रोप खुरटतं. आधी कुजवायचा, मग घालायचा."

"काका, माझ्याकडे मिरची नाही."

"ऐकून ठेवा."

महिनाभर मी निमूट ऐकून ठेवलं. गाड्यांच्या खडखडाटात जन्म गेला म्हणून आवाज चढला असेल, अशी मी मनाची समजूत घातली होती.

कुंपणापलीकडे त्यांच्या धाकट्या भावाची, हरीकाकांची जमीन. दोघांत बावीस वर्षं अबोला. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर आधी पाला आणि शेण पसरून पेटवतात, त्याला राब भाजणं म्हणतात. हरीकाकांनी राब भाजला, वारा फिरला आणि दमूकाकांनी नोकरीतून सुट्टीला येऊन येऊन तीन वर्षं कुजवलेला खताचा ढीग जळाला. दमूकाकांनी भावाची अक्कल काढली, ती नेमकी त्याच्या सासरच्या माणसांसमोर. झालं, तेव्हापासून तोंडं दोन दिशांना.

यंदा हरीकाकांनी पहिल्यांदाच मिरची लावली होती. मुलगा वापीला असतो. तो म्हणत होता, जमीन दुसऱ्याला कसायला द्या आणि माझ्याकडे राहायला या. मिरची आली तर राहीन, नाहीतर येईन, असा हरीकाकांनी त्याला शब्द दिला होता. दमूकाकांच्या कानावर हे मीच घातलं होतं.

मग मी तापाने तीन दिवस पडून होतो. चौथ्या दिवशी दमूकाका दारात.

"दोनच मिनिटं चला ना, सर. रोपं पिवळी पडलीत."

"माझी तुळस ठीक आहे, काका."

"तुळस नाय हो. हरीची मिरची. सगळ्या बुंध्यांशी नवा पेंढा घालून बसलाय."

व्याख्यानं कुंपणापलीकडच्या कानांसाठी होती, हे कळायला विज्ञानाच्या शिक्षकाला महिना लागला. मला स्वतःची लाज वाटली. "मग त्यांना सरळ सांगा की," मी म्हणालो.

काका उंबऱ्यावर बसले. म्हाताऱ्याचा चेहरा एवढासा झाला होता. "बावीस वर्षं झाली, सर. पयला शब्द काय बोलू?"

शाल गुंडाळून मी निघालो.

हरीकाका वाफ्यात उकिडवे बसले होते. दमूकाकांनी नेहमीसारखं माझ्याकडे तोंड केलं. "मी काय बोलतो, सर, पेंढा..."

हरीकाकांनी मान वर केली नाही. हातातलं पिवळं रोप बघत ते म्हणाले, "सर, त्याला इचारा, आता काढला तर जगतील?"

मला विचारावं लागलं नाही. सत्तरीचे दमूकाका धोतराचा सोगा खोचून कुंपणाच्या काठ्यांतून पलीकडे शिरले आणि वाफ्याच्या या टोकाला बसून ओल्या पेंढ्याच्या मुठी उपसून बाहेर टाकायला लागले. त्या टोकाकडून हरीकाका. दोघं वाफ्याच्या मध्यावर पोचले तेव्हा दमूकाकांना उठता येईना.

"दादा," हरीकाका म्हणाले, "कंबर सांभाळ." आणि त्यांनी हात पुढे केला.