चौथं वेत

पोशाकाकांनी माझ्या बायकोला पहिल्याच भेटीत विचारलं, "वहिनी, हे कितवं वेत?"

तेव्हा ती दुसऱ्या खेपेची गरोदर होती. गाय एकदा व्याली की एक वेत, एवढं तिला ठाऊक होतं. म्हणूनच ती आठवडाभर काकांशी बोलली नाही. आपलं काय चुकलं, ते काकांना अजून कळलेलं नाही.

मोरिवलीत आमच्या कॉलनीच्या भिंतीला लागून काकांचा गोठा. एका बाजूला कारखान्याचा भोंगा, दुसऱ्या बाजूला चंद्री गाय. काका ओ देतात ती फक्त चंद्रीला.

जगातली कुठलीही गोष्ट ते वेतातच मोजतात. "पयल्या वेताला गाय शिकते, चौथ्याला भरभरून देते, आठव्याच्या पुढं नुसती आठवणीवर चालते." माझ्या स्कूटरला त्यांनी आठवं वेत लावलं होतं. व्यायचा महिनाही महत्त्वाचा. थंडीत व्याली तर बादली, वैशाखात व्याली तर तांब्या. माझा जन्म मे महिन्यातला आहे हे कळल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तरीच!"

चंद्री यंदा नवव्यांदा व्याली, तीही ऐन वैशाखात. कुणी विचारलं की काका बिनदिक्कत "चौथं" म्हणायचे. त्यांचा मुलगा रमाकांत वैतागला. "बाबा, दोन लिटरच्या खाली आली की मुरबाडला मामाकडं पाठवनार हाय. सांगून ठेवतो." धार काका काढत आणि दूध सगळं आमच्याकडे येई. म्हणून रमाकांत येता-जाता मलाच विचारायचा, "सायेब, दोन लिटर येतं ना?"

येत होतं. रोज, न चुकता. फक्त बायको एकदा म्हणाली, "अहो, साय अगदी पिशवीच्या दुधासारखी येतेय हल्ली."

एका सकाळी मीच गोठ्यात गेलो. काका दाताने पिशवी फाडून कॅनमध्ये दूध ओतत होते. मला पाहताच त्यांनी पिशवी वैरणीत लपवली. चंद्रीने ती लगेच बाहेर ओढली.

"पोराला सांगू नको, सायेब." ते गव्हाणीच्या कडेला बसले. "आज तो तिचं लिटर मोजतो. मी पन आता आठवणीवरच चालतो ना? उद्या माझं माप काढलं तर?"

मी कॅन उचलला आणि घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं.

संध्याकाळी रमाकांत दारात आला. "वहिनी, दूध बरोबर येतं ना?"

त्याच दुधाचा चहा बायकोने त्याच्यापुढे ठेवला.

"न यायला काय झालं?" ती म्हणाली. "चौथंच तर वेत आहे."