भिंतीची ओल आणि किल्ल्याची बस

ज्ञान एका जागी बसून वाढत नाही, ते विमानात खिडकीशेजारी बसून वाढते, हे आता विद्वानांत सर्वमान्य झाले आहे. म्हणूनच आंतरराष्ट्रीय परिषदा समुद्रकिनारी किंवा एखाद्या किल्ल्याच्या पायथ्याशी भरतात. (एक परिषद चुकून प्रेक्षणीय नसलेल्या गावी भरली. तिथे सगळी सत्रे वेळेवर पार पडली, त्यामुळे तो प्रयोग पुन्हा झाला नाही.)

अशाच एका किल्ल्यापाशी निबंध वाचायचे निमंत्रण बांधकामशास्त्राच्या एका प्राध्यापकांना आले. त्यांना घरीदारी सगळे सरच म्हणत, बायकोसुद्धा. घराच्या भिंतीला ओल येते ती नेमकी कुठून, या एकाच प्रश्नाचा सरांनी उमेदीची सगळी वर्षे पिच्छा पुरवला होता. उत्तर सापडले होते. ते सोपे होते, पण सगळे समजतात ते मुळीच नव्हते. आता सरांची एकच इच्छा उरली होती. निबंध वाचून झाल्यावर समोरच्यांपैकी कुणीतरी उठून एक प्रश्न विचारावा.

निमंत्रणाची बातमी पसरताच प्रश्न सुरू झाले, नाही असे नाही. प्राचार्यांनी विचारले, "तिकडे थंडी कितपत असते हो?" सहकाऱ्यांनी विचारले, "वहिनींना नेताय ना?" मेहुण्याच्या घरात भिंत इतकी ओली की खिळा ठोकला तर हाताने निघे. त्याने विचारले, "भावोजी, येताना चॉकलेटं आणाल ना?"

विमान कंपनीने सरांची बॅग तत्परतेने पोहोचवली, फक्त दुसऱ्या देशात. निबंध हातातल्या पिशवीत होता म्हणून वाचला. प्रवासातल्या सदऱ्यावर विमानातच रस्सा सांडला होता, आणि विमानतळावरच्या दुकानात सरांच्या पोटाला पुरेल असा एकच सदरा निघाला. तो भगभगीत पिवळा होता आणि छातीवर किल्ल्याचे चित्र होते.

"कोटाची बटणं लावा," बायको म्हणाली. "कोट बॅगेत आहे," सर म्हणाले.

सरांचे सत्र आणि किल्ल्याची सहल एकाच वेळी ठेवण्याची दूरदृष्टी आयोजकांनी दाखवली होती, म्हणजे प्रत्येकाला निवडीचे स्वातंत्र्य राहते. तरीही सभागृहात पंधरा-वीस माणसे आली, आणि सरांना भरून आले. सर बोलू लागले. मागच्या भिंतीवर ओलीचा भलाथोरला डाग होता, तो परिषदेच्या फलकाने अर्धामुर्धा झाकला होता. सरांनी त्याच्याकडेच बोट दाखवून मुद्दा पटवला. एकही जण उठला नाही, कुणी डुलकी काढली नाही. सगळे सरांच्या छातीकडे टक लावून होते. इतके एकाग्र श्रोते परिषदांच्या इतिहासात झाले नसतील.

"काही प्रश्न?" अध्यक्षांनी घड्याळाकडे बघत विचारले.

पहिल्या रांगेतल्या एका विदुषींचा हात वर झाला. सरांनी निबंधाची पाने पुन्हा उघडून धरली.

"बस पुढच्या दारातून सुटते की मागच्या?"

सरांना फार वाईट वाटले. पण ते हाडाचे शिक्षक, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय राहवेना. "मागच्या," ते म्हणाले. अभ्यासपूर्ण उत्तराबद्दल अध्यक्षांनी त्यांचे आभार मानले, प्रमाणपत्र हाती ठेवले आणि श्रोत्यांपाठोपाठ तेही धावले.

बस अर्थातच वेळ उलटूनही हलली नव्हती, आणि तीत बायको जागा धरून बसली होती. "झालं का तुमचं? या, खिडकी ठेवलीय."

सर परतल्यावर कॉलेजने 'परदेशातील अनुभव' या विषयावर त्यांचे व्याख्यान ठेवले. मुले खिडक्यांत चढून बसली. सरांनी किल्ला पुढून दाखवला, मागून दाखवला, बायकोसकट दाखवला. नंतर प्रश्नांची झोड उठली. सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न एकच होता: बॅग मिळाली का? सर प्रत्येकाला हसून सांगत होते, "मिळाली, मिळाली."

वाचकहो, हसू नका. तुम्हालाही तीच चुटपुट लागली होती. तुमच्या कपाटामागची भिंतही गेली काही वर्षे ओली आहे, तिचे पोपडे तुम्ही दर दिवाळीला खरवडता आणि वर रंग फासता. ओल कुठून येते हे ठाऊक असलेला माणूस एवढा वेळ तुमच्यासमोर उभा होता, आणि तुम्हीही त्याला काही विचारले नाही.